दांताचें दुखणें अंगावर काढूं नका

हृदय, फुप्फुसें, जठर या अवयवांचीं चित्रें आमच्या विद्यार्थ्यांस न पाहतां काढतां येतात; परंतु ज्या अवयवाकडे रोज सकाळीं आरशांत त्यांची दृष्टि जाते, त्या दांतांविषयीं घरीं व शाळेंत सारखीच उदासीनता आढळते. दाढ दुखूं लागली कीं लवंग धरावी आणि दुखणें थांबलें कीं तें विसरून जावें, असा बहुतेक कुटुंबांतील परिपाठ आहे. या परिपाठामुळें केव्हां केव्हां केवढें संकट ओढवतें, आणि खिशांत फारसा पैसा नसतांही तें कसें टाळतां येतें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

लेखास निमित्त झालें तें आमच्याच शाळेंतील एका मुलाचें. तो नववींत शिकत होता. वडील मोलमजुरी करणारे; घर शाळेपासून दीड कोसावर. सहामाही परीक्षेच्या आधीं त्याची खालची दाढ ठणकूं लागली. दोन रात्री त्यानें बसून काढल्या. गालाला हात लावून तो रजा मागावयास आला, तेव्हां "चार दिवसांवर परीक्षा आली आहे, ती झाली म्हणजे दाखव," असें आम्हींच त्याला सांगितलें. वडिलांनीं औषधांच्या दुकानांतून गोळ्या आणून दिल्या. एके रात्रीं ठणका एकाएकीं थांबला. मुलानें परीक्षा दिली आणि दाढेची गोष्ट तो विसरला, वडील विसरले, आम्हीही विसरलों.

पुढें तीन आठवड्यांनीं तो वर्गांत आला तेव्हां त्याचा गाल जबड्यापर्यंत सुजून टणक झाला होता. तोंड दोन बोटेंही उघडत नव्हतें, आणि अंगांत ताप होता. आम्हीं वडिलांस बोलावणें पाठविलें. ते आले, मुलाच्या तोंडाकडे त्यांनीं पाहिलें, आणि हळूच म्हणाले, "सर, इलाज कराया मी न्हाई म्हणत न्हाई, पण पैका किती लागंल, तेवढं आधी सांगा."

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. दांतांच्या खर्चाचा कसलाही विमा त्यांच्यापाशीं नव्हता. आणि खरें बोलावयाचें तर आमच्या शिक्षकांपैकींही कोणापाशीं नव्हता. पुढें आम्हीं जी चौकशी केली व जें वाचन केलें, त्याचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों. मुलाचें काय झालें तें योग्य स्थळीं सांगूं.

दांताची घडण

दांत म्हणजे हाडाचा निर्जीव तुकडा, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. दांताच्या वरच्या भागीं बाहेरून एक कवच असतें. त्यास एनॅमल म्हणतात. मनुष्याच्या शरीरांत याहून कठीण पदार्थ दुसरा नाहीं. कवचाच्या आंत डेंटिन नांवाचा पिंवळसर थर असून त्यांत अतिसूक्ष्म नलिका असतात. आणि सर्वांच्या आंत, अगदीं मध्यभागीं, मऊ गर असतो. या गरांत रक्तवाहिन्या व ज्ञानतंतु असतात, आणि ते मुळांच्या टोंकांशीं असलेल्या बारीक छिद्रांतून जबड्याच्या हाडांत जातात. कवचांत ज्ञानतंतु नाहींत. म्हणून कीड कवचापुरती असते तोंपर्यंत कांहींच दुखत नाहीं. ती डेंटिनपर्यंत गेली म्हणजे गोड किंवा गार पदार्थानें कळ येऊं लागते. गरापर्यंत पोहोंचली म्हणजे ठणका लागतो. अर्थात् ठणका ही रोगाची सुरुवात नसून त्याचा बराच पुढचा मुक्काम होय.

'कीड' या शब्दामुळें मात्र एक घोटाळा झालेला आहे. दांतांत खरोखरीच किडे होतात, अशी समजूत अनेक देशांत शेंकडों वर्षें होती. आपल्याकडेही रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दांतांतील किडे पाडून दाखविण्याची चाल खेड्यापाड्यांतून होती. जे किडे दाखविले जात ते दांतांतून आलेले नसत. फ्रान्समधील प्रसिद्ध दंतवैद्य पिएर फोशार यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत ही किड्यांची कल्पना नाकारली. त्याच्याही आधीं, १६८३ सालीं, हॉलंडमधील लेव्हेनहुक यानें आपल्याच दांतांवरील पांढरा मळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, आणि त्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळतांना त्याला दिसले. हे जीव दांत कसा नासवितात याचा उलगडा होण्यास आणखी दोनशें वर्षें लागलीं. बर्लिन येथें काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, तोंडांतील जंतु आपल्या खाण्यांतील साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करितात, आणि तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. तेव्हां दांत पोखरणारा कोणी किडा नाहीं. आपण ज्या जंतूंना दिवसभर खाऊं घालतों, त्यांनीं केलेल्या आम्लाचा तो परिणाम आहे.

ठणका कां थांबतो?

आतां या लेखांतील मुख्य गोष्टीकडे वळूं. शरीराच्या दुसऱ्या एखाद्या भागांत जंतु शिरले तर तो भाग सुजतो आणि सुजेला पसरावयास जागा मिळते. दांताच्या गराला ती सोय नाहीं. त्याच्या चहूंकडे कठीण भिंती. गर सुजला कीं तो आंतल्या आंत दाबला जातो व त्यांतील ज्ञानतंतु चिरडले जातात. त्यामुळेंच दाढेचा ठणका असह्य होतो, आणि आडवें पडल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढून तो रात्रीं अधिक जाणवतो. ही स्थिति कांहीं काळ राहिली म्हणजे गराचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि गर मरतो. गराबरोबर त्याचे ज्ञानतंतुही मरतात. त्या रात्रीं रोग्यास एकाएकीं स्वस्थता वाटते व तो सुखानें झोंपतो.

दुखणें थांबलें याचा अर्थ रोग गेला असा नव्हे. दुखण्याची वर्दी देणारा पहारेकरी मेला, एवढाच त्याचा अर्थ. मेलेल्या गरांत जंतु निर्वेधपणें वाढतात. मुळाच्या टोंकांतून ते जबड्याच्या हाडांत उतरतात. तेथें पू होतो. मग चावतांना दांत उंच झाल्यासारखा वाटतो. हिरडीवर पुळी येते. ती फुटली तर तोंडाला घाण चव व वास येतो आणि पुन्हां बरें वाटतें. पू हिरडीवाटे बाहेर पडला तर थोडक्यांत निभावलें. परंतु खालच्या दाढांचा पू जिभेखालीं व हनुवटीखालीं पसरला तर सूज श्वासाचा मार्ग अडवूं शकते. जर्मनींतील वैद्य लुडविग यानें १८३६ सालीं या व्याधीचें वर्णन केलें, म्हणून ती आजही त्याच्या नांवानें ओळखली जाते. प्रतिजैविक औषधें निघण्यापूर्वीं तिनें गांठलेल्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक दगावत असत. वरच्या दांतांचा संसर्ग डोळ्याभोंवतीं पसरूं शकतो, आणि क्वचित् प्रसंगीं तो मेंदूपर्यंतही जातो.

ऐंशीं डॉलरांची दाढ

ही अतिशयोक्ति नव्हे, हें पटावें म्हणून एक घडलेली हकीकत सांगतों. ती अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांतील आहे. तेथें एका गरीब आईच्या मुलांस दांतांचा उपचार मिळेना. खासगी विमा घेण्याची तिची ऐपत नव्हती. गरिबांसाठीं सरकारी योजना होती, पण तिच्यांतील रोगी घेणारे दंतवैद्य सांपडणें कठीण. धाकट्या मुलाचे सहा दांत किडलेले होते. त्याच्यासाठीं दंतवैद्य मिळविण्यांतच ती माऊली गुंतलेली होती. थोरला १२ वर्षांचा. त्यानें दांताविषयीं तक्रार केलेली नव्हती. २००७ च्या जानेवारींत त्याचें डोकें दुखूं लागलें. रुग्णालयांत नेल्यावर असें आढळलें कीं, एका किडलेल्या दांतांतील जंतु मेंदूपर्यंत गेले आहेत. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. कांहीं आठवडे तो सुधारत असल्यासारखा दिसला. आणि २५ फेब्रुवारी २००७ रोजीं तो मरण पावला. दांत काढण्यास सुमारें ८० डॉलर पडले असते. रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरांच्या घरांत गेला, म्हणजे ३,००० पटींहून अधिक. आणि मुलगा तर गेलाच. त्या देशांत या मृत्यूनें मोठी हळहळ झाली, आणि २००९ सालीं तेथील मुलांच्या सरकारी आरोग्य-विम्याच्या योजनेंत दांतांचे उपचार देणें कायद्यानें सक्तीचें करण्यांत आलें.

असा शेवट हजारों दांतदुख्यांतून एखादीचाच होतो. तथापि ती एखादी कोणती, हें आधीं कोणास सांगतां येत नाहीं.

दवाखाना गांठीपर्यंत

दाढ दुखूं लागली आणि दवाखान्यांत पोहोंचण्यास एक-दोन दिवस लागणार असले, तर मधल्या वेळांत काय करावें? पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ घालून दिवसांतून चार-पांच वेळां चुळा भराव्या. दांत घासणें बंद करूं नये; त्या जागीं मऊ ब्रश हळुवार फिरवावा. अतिशय गरम, गार व गोड पदार्थ टाळावे, आणि निजतांना डोक्याखालीं उशी उंच घ्यावी. बाहेरून थंड पाण्याची घडी गालावर थोडा थोडा वेळ ठेवावी. दुखण्यावर पॅरासिटामॉल, किंवा मोठ्या माणसांस चालत असल्यास आयब्युप्रोफेन, हीं साधीं औषधें वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणांतच घ्यावीं. निरनिराळ्या नांवांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच असतें, आणि अजाणतां दुप्पट मात्रा पोटांत जाऊन यकृतास इजा होते, हें ध्यानांत ठेवावें. ज्यांस जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा आहे, किंवा ज्यांच्या घराच्या आसपास डेंग्यूची साथ असून अंगांत ताप आहे, त्यांनीं आयब्युप्रोफेन डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. लहान मुलांची मात्रा त्यांच्या वजनावर ठरते, आणि त्यांस अ‍ॅस्पिरिन परस्पर मुळींच देऊं नये.

लवंगेविषयीं दोन शब्द. लवंगेच्या तेलांतील युजेनॉल या द्रव्यानें कांहीं वेळ बधिरता येते; म्हणून आजीबाईचा हा उपाय खोटा नाहीं. पण तो दुखण्याचा उपाय आहे, जंतूंचा नव्हे. शिवाय कच्चें तेल फार लावलें तर हिरडी पोळते.

करूं नयेत अशा गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. अ‍ॅस्पिरिनची गोळी कुटून हिरडीवर ठेवणें, तंबाखूची चिमूट किंवा मशेरी दाढेंत धरणें, दारूनें चुळा भरणें, सुजेवर बाहेरून गरम शेक देणें, पुळी सुईनें फोडणें, हे सर्व प्रकार घातक आहेत. रस्त्याच्या कडेला बसून दांत काढणाऱ्यापुढें तोंड उघडूं नये. कायद्याप्रमाणें नोंदणी झालेल्या दंतवैद्यासच हा व्यवसाय करतां येतो. आणि न उकळलेल्या हत्यारानें एका रोग्याचें रक्त दुसऱ्याच्या अंगांत जाऊन कावीळीसारखे रोग जडतात.

सर्वांत अधिक चूक होते ती प्रतिजैविकांच्या बाबतींत. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या, किंवा मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानांतून आणलेल्या गोळ्या, लोक सर्रास घेतात. आतां विचार करावा: औषध रक्तावाटे शरीरांत फिरतें. दांताचा गर मेलेला. त्याच्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या. मग तें औषध तेथें पोहोंचावें कसें? रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असाच हा प्रकार. अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या संघानें २०१९ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांतही हेंच सांगितलें आहे कीं, रोग्याची प्रकृति एरवीं चांगली असून दांतावर प्रत्यक्ष उपचार होण्यासारखा असेल, तर बहुतेक प्रसंगीं प्रतिजैविकांची गरज नसते. ताप असेल, सूज पसरत असेल, तर डॉक्टर तीं देतात, आणि मग सांगितलें तितके दिवस तीं घेतलींच पाहिजेत. परंतु तेव्हांही दांतांतील घाण काढणें हाच खरा उपचार. तो तीन प्रकारें होतो: छेद देऊन पू बाहेर काढणें, दांत राखून त्याच्या मुळांतील नळ्या साफ करून भरणें, यालाच लोक रूट कॅनाल म्हणतात, किंवा दांत काढून टाकणें.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं, तीं दिसल्यावर एक रात्रही थांबूं नये. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकणें, जिभेखालचा भाग उचलला जाणें, तोंड न उघडणें, गिळतां न येणें व लाळ गळणें, आवाज बदलणें, श्वासास त्रास होणें, थंडी वाजून ताप येणें, डोकें फार दुखून ग्लानि येणें. यांपैकीं कोणतेंही लक्षण असेल तर दांतांचा दवाखाना शोधीत न बसतां जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागांत जावें. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. मधुमेह असलेले व गरोदर स्त्रिया यांनीं साध्या सुजेसही हलकें मानूं नये.

जावें कोठें आणि विचारावें काय?

आतां त्या बापाच्या प्रश्नाकडे येऊं. आपल्याकडील आरोग्य-विमा बहुधा रुग्णालयांत दाखल झाल्यावरच्या खर्चासाठीं असतो. अपघात सोडल्यास दांत भरणें, रूट कॅनाल, दांत काढणें हा खर्च त्यांतून सहसा वगळलेला असतो. ज्यांच्यापाशीं विमा आहे त्यांनीं आपल्या विमापत्राच्या अटी एकदां वाचून पाहाव्या. जे कामगार १९४८ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या कामगार राज्य विमा योजनेंत आहेत, त्यांनीं आपल्या दवाखान्यांत दांतांची सोय कोठें आहे तें विचारावें. बाकीच्यांस विमा नाहीं असेंच धरून चालावें. पण विमा नाहीं म्हणजे उपाय नाहीं, असें मात्र नाहीं.

पहिलें ठिकाण जिल्हा रुग्णालय, आणि कित्येक तालुक्यांच्या गांवचें उपजिल्हा रुग्णालय. तेथें दांतांचा विभाग असतो, हेंच पुष्कळांस ठाऊक नसतें. दुसरें ठिकाण सरकारी दंत महाविद्यालयें. मुंबईंत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत असें महाविद्यालय आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें आहेत. गोव्यांत बांबोळी येथें आहे. मुंबई महानगरपालिकेचें नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ पासून चालूं आहे. तिसरें ठिकाण खासगी दंत महाविद्यालयें. पुणें, सांगली व अन्य शहरांतून तीं आहेत. तेथें शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखालीं काम करितात, म्हणून दर कमी असतात. कित्येकांस "शिकाऊ पोरें आमच्या तोंडांत हात घालणार काय?" असें वाटतें. परंतु त्यांच्या प्रत्येक पायरीवर अध्यापकाची नजर असते. वेळ अधिक लागतो, फेऱ्या अधिक पडतात. पैसा मात्र वांचतो.

सूज पसरून रुग्णालयांत दाखल होण्याची पाळी आली, तर आणखी दोन वाटा आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून राज्यांतील धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धन रोग्यांस मोफत व १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीनें द्याव्या लागतात. तसेंच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्या रोग्यास लागू पडते काय, हें तेथील आरोग्यमित्रास विचारावें. जातांना शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर असूं द्यावें.

सकाळीं लौकर जाऊन केस पेपर काढावा. डॉक्टरांपुढें बसल्यावर किती दिवस दुखतें, ताप आला काय, कोणत्या गोळ्या घेतल्या, कोणतें औषध सोसत नाहीं, हें सरळ सांगावें. गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें बरोबर न्यावीं. नंतर संकोच न धरतां चार प्रश्न विचारावे. आजच काय केलें पाहिजे? कोणती गोष्ट महिनाभर थांबूं शकेल? दांत राखण्यास एकूण किती खर्च येईल, आणि काढण्यास किती? पैसे टप्प्याटप्प्यानें देतां येतील काय? रूट कॅनाल झाल्यावर दाढेवर टोपी बसवावी लागते. तिचा खर्च निराळा असतो, म्हणून तो आधींच विचारून घ्यावा. दांत राखतां आला तर उत्तम. पण ज्याला तें परवडत नाहीं, त्यानें सुजलेल्या दाढेसह घरीं परत जाण्यापेक्षां ती काढून घेणें शहाणपणाचें होय. दाढेची एक जागा रिकामी राहील, पण जिवावरचें संकट टळेल. गरिबीची लाज बाळगून हे प्रश्न गिळून टाकणें यासारखें दुसरें नुकसान नाहीं. डॉक्टरांस रोग्याची ऐपत ठाऊक नसते; ती सांगितली तरच ते त्याप्रमाणें वाट दाखवूं शकतात.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं व त्याचे वडील त्याच दिवशीं एस.टी.नें शहरांतील सरकारी दंत रुग्णालयांत घेऊन गेलों. तेथें एक्स-रे निघाला, हिरडीस छेद देऊन पू काढला गेला, आणि ताप असल्यामुळें प्रतिजैविकें मिळालीं. पांच दिवसांनीं तोंड उघडूं लागल्यावर दाढ काढली. सर्व हिशेब मांडून पाहतां, दवाखान्याच्या खर्चापेक्षां आमच्या एस.टी.च्या तिकिटांचे व बुडालेल्या मजुरीचे पैसे अधिक झाले होते. डॉक्टर म्हणाले, "ठणका लागला त्याच आठवड्यांत आला असतां तर दाढ राखण्याचा प्रयत्न करतां आला असता. कीड लहान असतांना आला असतां तर अर्ध्या तासांत भरून दिली असती." हें ऐकून वडील कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, आधी येऊन नुसतं इचारलं असतं, तरी बास होतं." त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. पण "परीक्षा झाली म्हणजे दाखव" हे आमचे शब्द आम्हांस त्या वेळीं आठवले, आणि अजूनही आठवतात.

स्वस्तांतील उपाय

दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत, अशी आपल्यांत म्हण आहे. चणे मिळणें न मिळणें आपल्या हातीं नसेल. दांत राखणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं, असें दोनदां, फ्लुओराइड असलेल्या पेस्टनें दांत घासावे. दोहोंपैकीं रात्रीचें घासणें अधिक महत्त्वाचें. कारण झोंपेंत लाळ कमी सुटते व जंतूंना मोकळें रान मिळतें. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. अगदीं लहान मुलांस तांदुळाच्या दाण्याएवढी. राखुंडी, विटेची भुकटी व मशेरी वर्ज्य करावी. पहिल्या दोहोंनीं कवच झिजतें आणि तिसरीनें व्यसन जडतें. गोड खाल्ल्यावर तोंडांतील आम्ल सुमारें अर्धा तास टिकतें. म्हणून दिवसभर थोडें थोडें गोड चघळणें हें एकदांच जेवणाबरोबर गोड खाण्यापेक्षां दांतांस अधिक वाईट. दुधाचे दांत पडावयाचेच आहेत म्हणून त्यांची हयगय करूं नये. त्यांच्यांतही गर असतो व पूही होतो. आणि वर्षांतून एकदां, कांहीं दुखत नसतांना, दांत दाखवून यावे.

या वर्षापासून आम्हीं शाळेंत एक नवा नियम केला आहे. प्रत्येक सत्राच्या पहिल्या आठवड्यांत वर्गशिक्षक मुलांचे दांत उजेडांत पाहतात, आणि काळा डाग किंवा खांच दिसली तर घरीं चिठ्ठी पाठवितात. ज्या मुलाच्या दाढेंत ठणका आहे त्यास परीक्षा असो वा नसो, त्याच दिवशीं रजा मिळते. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, ती चिठ्ठी हातीं आल्यावर "आतां दुखत नाहीं ना?" असें मुलास विचारून ती बाजूला ठेवूं नये. आमच्या विद्यार्थ्याच्या दाढेंतही तीन आठवडे कांहीं दुखत नव्हतें.